मापाची टोपी

जुन्नरकडचे एक बागायतदार काका गेल्या वर्षी जानेवारीत, द्राक्षांची तोड सुरू व्हायच्या तोंडावर, नाना पेठेत आमच्या दुकानात आले. हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी काउंटरवर उपडी केली आणि आतून चाकांच्या आठ टोप्या गडगडत बाहेर आल्या. टोपी म्हणजे सेंटर कॅप. मॅग व्हीलच्या, म्हणजे अलॉयच्या चाकाच्या, मधोमध जे गोल तोंड असतं, त्यावर बसणारी प्लॅस्टिकची चकती. वरून सपाट किंवा किंचित फुगीर, मागे पायांसारख्या क्लिपा. तीन टोप्या जुन्या आणि एकसारख्या, एक नवी कोरी, आणि चार आणखी वेगळ्याच.

"मालक, स्विफ्टची टोपी पाहिजे. एकच. तीन आहेत, चौथी गेली."

"काका, गाडी आणलीय का?"

"आणलीय, पण मंडईपाशी लावलीय. इथं गल्लीत कुठं घालू?"

मी खणातून माप घ्यायचा व्हर्निअर, टॉर्च आणि जुना टूथब्रश घेतला, पोराला गल्ल्यावर बसवलं आणि काकांना म्हटलं, चला, गाडीपाशीच जाऊ. काका जरा बुचकळ्यात पडले. टोपी एवढी समोर ठेवलीय, नमुना हातात आहे, मग दुकानदार उन्हात कशाला निघाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. वाटेत त्यांनी हकिगत सांगितली.

स्विफ्ट त्यांनी जुनी घेतली होती. आधीच्या मालकानं हौसेनं पंधरा इंची मॅग व्हील टाकलेले. दिवाळीच्या आधी काकांनी एका टायरवाल्याकडे चारही टायर बदलून घेतले. घरी जाऊन बघतात तर डाव्या बाजूच्या मागच्या चाकाची टोपी गायब. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर "आली तेव्हाच नव्हती" असं उत्तर मिळालं. मग गाडीच्या कंपनीच्या पार्ट काउंटरवर जाऊन त्यांनी स्विफ्टची टोपी मागितली. त्या माणसानं स्विफ्टचीच दिली, अस्सल, बिलासकट. ती बसेना. मग मुलानं मोबाइलवरून चारचा सेट मागवला. तोही बसेना. शेवटी गावातल्या एकानं सुचवलं, चिकटवून टाका की. चिकटवली, आणि चार दिवसांत तीही पडली. हीच ती नवी कोरी टोपी. कडेला वाळलेल्या गोंदाचा पांढरा ओघळ अजून तसाच होता.

त्या माणसानं तीन महिने एका टोपीपायी घातले होते. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्यात! मला तसं कधी वाटत नाही. चार चाकांतलं एक चाक भकास दिसतं आणि ते रोज सकाळी गाडी काढताना माणसाच्या डोळ्यांत येतं. कष्टाच्या पैशानं घेतलेली वस्तू धड असावी ही इच्छा मला फार जवळची वाटते. माझा धंदाच तिच्यावर उभा आहे.

काकांची चूक एवढीच झाली होती की ते सगळीकडे गाडीचं नाव सांगत होते. टोपी गाडीची नसते, चाकाची असते. चाक बदललं की गाडीच्या नावाला काही अर्थ उरत नाही. त्यांच्या गाडीचं चाक स्विफ्टच्या कारखान्यातून आलेलंच नव्हतं, मग स्विफ्टची टोपी त्यात बसणार कशी?

हे मीसुद्धा चुकतमाकत शिकलो. औंधच्या आयटीआयमधून फिटर झालो, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये तपासणी खात्यात सहा वर्षं काढली. तिथं काम कमी झालं तेव्हा नाना पेठेत एका चाचांच्या दुकानात लागलो. चाचांकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची रांग असायची. प्रत्येक डब्यात सुट्या टोप्या. भंगारातून आलेल्या, पडलेल्या, उरलेल्या, कुणी बदलून टाकून दिलेल्या. गिऱ्हाईक आलं की मी उत्साहानं विचारायचो, "गाडी कोणती?" चाचा आतून ओरडायचे, "गाडी कौनसी है छोड, छेद कित्ता है वो बोल."

त्यांचं म्हणणं मला पटलं ते एका प्रसंगानंतर. २०११ सालचा पावसाळा होता. एक तरुण जोडपं महाबळेश्वरला निघालं होतं. त्यांना गाडी जरा नटवायची होती. मी त्यांच्या चाकाकडे वरवर बघून, जुन्या टोपीच्या तोंडावळ्याशी ताडून, साठ मिलिमीटरच्या चार टोप्या दिल्या. बसल्यासुद्धा. हातानं दाबल्या तर टक असा आवाज आला नाही, नुसत्या सरकून बसल्या. तो आवाज यायला हवा होता हे मला तेव्हा कळलं नाही. चौथ्या दिवशी ते दोघं परत आले, तेव्हा दोनच टोप्या शिल्लक होत्या. बाहेरचं माप बरोबर होतं, पण मागच्या क्लिपांचा घेर मिलिमीटरभर कमी होता. घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत टोप्या सुटून गेल्या. चाचांनी काही न बोलता पूर्ण पैसे परत दिले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी फार वाटलं. पाच तासांचा तपासणी खात्यातला अनुभव असलेल्या पोरालाही कळावी अशी चूक मी सहा वर्षं व्हर्निअर धरून झाल्यावर केली होती.

आपल्याकडे सुतार-गवंडी सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. लाकडात सूतभर इकडेतिकडे झालं तर निभावून नेता येतं. टोपीच्या बाबतीत अर्ध्या मिलिमीटरला माफी नाही.

मंडईपाशी पोचलो. गाडी सावलीत होती, बरं झालं. मी त्या उघड्या चाकापुढे उकिडवा बसलो. आधी टूथब्रशनं तोंडाच्या आतली कड साफ केली. तिथं ब्रेकची काळी भुकटी आणि माती यांचं मिळून घट्ट किटण बसतं, आणि काकांच्या चाकाला त्यावर वाळलेला गोंदही होता. गोंद मी प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून काढला, कारण लोखंडी पातं लावलं तर अलॉयवर ओरखडा जातो. मग टॉर्च मारून काकांना जवळ बोलावलं. "हे बघा काका. हे तोंड आहे, अरुंद. याच्या आत पाच-सहा मिलिमीटरवर एक खाच आहे, ती तोंडापेक्षा जरा रुंद. टोपीच्या क्लिपा या अरुंद तोंडातून दबून आत जातात आणि खाचेत पोचल्या की फाकतात. तेव्हा टक वाजतं. टोपीचं कुलूप म्हणतात ते हेच."

व्हर्निअरचे आतले जबडे तोंडात घातले, थोडे हलवले, सगळ्यात जास्त आकडा कुठं येतो ते पाहिलं. मग व्हर्निअर काटकोनात फिरवून पुन्हा तसंच. तोंड ५६.५ मिलिमीटर. आतली खाच ५९. बाहेर, जिथं टोपीची कड टेकते, तिथं चाकात एक उथळ बैठक कोरलेली असते. ती ६३. मग काकांची जुनी टोपी घेतली. बाहेरून ६२. क्लिपांच्या टोकांपासून समोरच्या टोकांपर्यंत ५८. म्हणजे क्लिपा तोंडापेक्षा दीड मिलिमीटरनं मोठ्या, खाचेपेक्षा मिलिमीटरनं लहान. टोपीची कड बैठकीपेक्षा मिलिमीटरनं आत. असं जमलं की टोपी दहा वर्षं हलत नाही. मी सगळे आकडे काकांच्याच वहीत लिहून दिले. काकांनी कंपनीच्या टोपीची मापं बघायला सांगितली, तीही घेतली. ती त्या तोंडात नुसती पडायची, खाचेला शिवतच नव्हती.

"मग त्या मुलानं मोबाइलवर बघून मागवली ती?" काकांनी विचारलं. "त्यानं तर माप बघून मागवली होती. चोपन्न."

हा चोपन्नचा घोटाळा माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर. हा आकडा कुठंही सापडतो, कारण चाक विकत घेताना तो लागतो. होंडा सिटीचा ५६.१, पोलोचा ५७.१, इनोव्हाचा ६०.१. पण हे सगळे आकडे चाकाच्या मागच्या बाजूचे आहेत. गाडीच्या हबचा गोल खांदा चाकाच्या मागून ज्या भोकात जातो, त्या भोकाचे. टोपी बसते ती पुढून, आणि पुढचं तोंड वेगळं कापलेलं असतं. बाहेरून घेतलेल्या मॅग व्हीलमध्ये तर आणखी गंमत. ते चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून कारखाना मागचं भोक मुद्दाम मोठं ठेवतो, ७३.१ बऱ्याचदा दिसतं, आणि मधली जागा भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनिअमची कडी देतात. आता मागचं भोक त्र्याहत्तर, हब चोपन्न, आणि पुढचं तोंड साडेछप्पन्न. यांतला कोणता आकडा टोपीचा, हे मोबाइलवर बघणाऱ्या मुलाला कोण सांगणार? त्याला मी दोष देत नाही.

दुसरा घोटाळा स्टिकरचा. टोपीवरच्या बोधचिन्हाचे गोल स्टिकर सुटे मिळतात, ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचे, मागे गोंद. त्यांच्यावर लिहिलेलं असतं ५६ किंवा ६०. गिऱ्हाईक तोच आकडा टोपीचा समजून चालतं. स्टिकर टोपीच्या आतल्या चकतीवर बसतो, टोपी त्यापेक्षा मोठी असते. म्हणून आमच्याकडे कुणी "साठची द्या" म्हटलं की मी पहिलं विचारतो, साठ कुठं मोजलंत? तोंडावर, कडेवर, क्लिपांवर की स्टिकरवर?

टायरचं बघा. टायरच्या बाजूवर त्याचं माप ठसठशीत छापलेलं असतं, १८५/६५ आर १५. पंक्चर काढणारं पोरही ते वाचून बरोबर टायर काढून देतं. टोपीला असं सर्वमान्य माप नाही. जो चाकाचा नकाशा काढतो तो आपल्या मर्जीनं तोंड ठेवतो. टोपीच्या मागे बघितलं तर पार्ट नंबर असतो, एबीएस असं प्लॅस्टिकचं नाव असतं, आणि माप बहुतेक वेळा नसतंच. पार्ट नंबर मात्र सोन्यासारखा. कंपनीच्या चाकाची टोपी असेल आणि तिच्यामागचा नंबर वाचता आला, तर माप घ्यायचीसुद्धा गरज नाही. तो नंबर सांगून कंपनीच्या काउंटरवरून तीच टोपी आणावी. बोधचिन्ह असलेली टोपी हवी असेल तर अस्सलच घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. नकली बोधचिन्हाच्या टोप्या मी ठेवत नाही. गिऱ्हाईक तोडून बोलतं, समोरच्या दुकानात जातं, जाऊ दे. दुसऱ्याचं नाव चोरून छापलेली वस्तू माझ्या काउंटरवरून जाणार नाही.

आणि एकाच कंपनीची एकच टोपी असते हाही भ्रम आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या चाकांना ६८ची, नव्यांतल्या अनेकांना ५६ची. मर्सिडीजची बहुतेक ७५. फोक्सवॅगनमध्ये ५६ आणि ६५ दोन्ही सतत हातात येतात. ही बाहेरची मापं. क्लिपांची यापेक्षा कमी असणार आणि ती मोजावीच लागतात. रोल्स-रॉइसचं तर सगळंच निराळं. तिच्या टोपीत खालच्या बाजूला वजन घातलेलं असतं आणि टोपी स्वतःभोवती मोकळी फिरते, त्यामुळे चाक कितीही फिरलं तरी वरची अक्षरं सरळच उभी राहतात. असली टोपी मी एकदाच हातात घेतली आहे. बोटानं फिरवली की हळूहळू डुलत परत सरळ व्हायची. ज्यानं ती घडवली त्याला मनातून हात जोडले.

क्लिपा मोजायचीही एक खुबी आहे. क्लिपा सम संख्येत असतील, सहा किंवा आठ, तर एका क्लिपेच्या बरोबर समोर दुसरी असते, व्हर्निअरचे जबडे सरळ लागतात. पाच असल्या की समोर मोकळी जागा येते आणि जबडा हवेत. अशा वेळी मी कागदाची बारीक पट्टी क्लिपांच्या बाहेरून घट्ट गुंडाळतो, जिथं टोक टेकतं तिथं नखानं खूण करतो, पट्टी सरळ करून मोजतो आणि ३.१४नं भागतो. १७९ आलं तर सत्तावन्न. क्लिपांच्या मधल्या फटीत पट्टी ताणून सरळ होते म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा किंचित कमी येतं, ते ध्यानात ठेवायचं. चाचा हे सुतळीनं करायचे आणि भागाकार तोंडी. भागाकार काही मला तोंडी जमला नाही, पण डोक्यात एक पाटी आली.

ती पाटी आता काउंटरवर टांगलेली असते. पाच मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकवर भोसरीतल्या एका ओळखीच्या लेझर कटिंगवाल्याकडून भोकं पाडून घेतली. ५० पासून ७५ पर्यंत, एकेक मिलिमीटरनं वाढती, सव्वीस भोकं. खाली आकडे. टोपी आणायची, क्लिपा भोकात हलक्या दाबून बघायच्या, ज्या भोकात टोपी थोडा जोर घेऊन आत जाते आणि उलटी धरली तरी पडत नाही, तो तिच्या तोंडाचा आकडा. गिऱ्हाईक स्वतःच करून बघतं. लहान मुलं बरोबर असली तर तीच करतात आणि बाप बाजूला उभा राहतो. पाटीमुळे वाद संपले. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवायची गरज उरली नाही, डोळ्यांसमोर दिसतं.

तरीही पाटीनं सगळं भागत नाही, म्हणून मी गाडीपर्यंत जातो. रंग दिलेलं चाक असलं की फसगत होते. चाकाला पावडर कोटिंग करून घेतलं की रंगाचा थर तोंडातही बसतो आणि खाचेतही. तोंड आकसतं, खाच बुजते. जुनी, वर्षानुवर्षं नीट बसलेली टोपीच मग बसेनाशी होते आणि लोक नवी शोधत फिरतात. अशा वेळी टोपी बदलायची नाही, खाच मोकळी करायची. दुसरं म्हणजे खोली. मागच्या चाकांना ब्रेकचा ड्रम असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगवरचा ग्रीसचा कप बराच बाहेर आलेला असतो. टोपीच्या पोटात तेवढी जागा नसली तर ती कपावर टेकते, क्लिपा खाचेपर्यंत पोचतच नाहीत. पुढच्या चाकात नीट बसलेली टोपी मागच्या चाकात का बसत नाही म्हणून माणूस डोकं खाजवत राहतो.

टोपी मुळात जाते कुठं, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलं आहे. चोरी थोडी. बहुतेक टोप्या टायर बदलताना जातात. चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवताना मधल्या भोकातून दांडा आणि शंकू जातो, म्हणून टोपी आधी काढावीच लागते. ती काढायची रीत सोपी आहे. चाक गाडीवरून उतरवा, उलटं करा, मागच्या भोकातून हात घालून किंवा कापड गुंडाळलेल्या लाकडी दांड्यानं टोपी पुढे ढकला, खालून हात धरा. अलगद निघते. घाईत असलेला पोरगा चाक उतरवायच्या आधीच पुढून स्क्रू ड्रायव्हर घालतो. चाकावर ओरखडा, टोपीच्या कडेला खड्डा आणि एकदोन क्लिपा मोडलेल्या. मोडकी टोपी तो परत दाबून बसवतो, ती दुकानापासून दोन किलोमीटरवर पडते, आणि मालकाला पंधरा दिवसांनी कळतं. त्या पोराला पगार किती, त्याला शिकवलं कुणी, हेही मी जाणतो. पण रीत माहीत असलेल्या मालकानं ती शिकवायला हवी, याबद्दल माझं मत ठाम आहे.

टोपी नसली तर गाडी अडत नाही, हे खरं. पण ती नुसती शोभेची आहे असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. पुढच्या चाकात एक्सलचा मोठा नट असतो, मागच्यात बेअरिंगवरचा कप. तोंड उघडं राहिलं की पावसाळ्यात चिखल आणि पाणी थेट तिथं. कोकणातल्या गाड्यांचे नट मी पाहिले आहेत. खारी हवा, चार पावसाळे आणि टोपी नाही. ते नट सोडवताना मेकॅनिकचा निम्मा दिवस जातो.

माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. ती कुर्ल्यालाच बनायची. तिच्या चाकावर क्रोमची पोलादी टोपी असे, घमेल्यासारखी फुगीर, चकचकीत. रविवारी वडील टोप्या काढून ब्रासोनं घासायचे आणि बसवताना तळहाताच्या गादीनं एक थाप मारायचे. एकदा बोरघाटात एक टोपी उडाली. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या भंगारातून त्यांनी दुसरी आणली आणि एका थापेत बसवली. माप विचारायची कुणाला गरज पडली नाही, कारण भंगारात पडलेली सगळी चाकं तीच होती. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा मला पहिली आठवण त्या थापेची झाली. आता रस्त्यावर शेकडो तऱ्हांची चाकं आहेत. तेव्हा जे काम तळहात करायचा, ते आता व्हर्निअरला करावं लागतं.

काकांकडे परत येतो. त्यांच्या चाकाची टोपी तशीच्या तशी मिळणार नव्हती. मॅग व्हील बनवणाऱ्यानं त्यावर आपलं नाव छापलं होतं आणि ते मॉडेल बाजारातून कधीच गेलं होतं. चाचांचे डबे आता माझ्याकडे आहेत. दुकानात येऊन मी काकांसमोर सगळे डबे उपसले. क्लिपांचं माप अठ्ठावन्न असलेल्या तीन सापडल्या, पण त्यांची कड ६८. बैठकीत मावत नव्हत्या. मग दिल्लीला काश्मिरी गेटच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. त्यानंही सवयीनं विचारलं, "गाडी कौनसी?" मी त्याला चार आकडे सांगितले. तोंड, खाच, कड, खोली. पलीकडून पेन्सिल चालल्याचा आवाज आला. म्हणाला, काळी मिळेल, बिनानावाची, कड बासष्ट, क्लिपा अठ्ठावन्न.

"काका, एक नको, पाच घ्या," मी म्हटलं.

काकांना ते आवडलं नाही. चांगल्या तीन टोप्या आहेत, त्या फेकायच्या? मी त्यांना त्या तिन्हींच्या क्लिपा टॉर्चखाली दाखवल्या. ब्रेकच्या उष्णतेनं आणि वयानं प्लॅस्टिक पांढुरकं पडलं होतं. दोन टोप्यांच्या एकेका क्लिपेच्या मुळाशी केसासारखी चीर होती. आज ना उद्या त्याही पडणार होत्या, आणि मग काकांना पुन्हा पुण्याची फेरी. चार नव्या एकसारख्या दिसतील, पाचवी डिकीत राहील. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "तोड झाली की येतो. तोवर मागवून ठेवा."

मार्चच्या शेवटी आले. येताना द्राक्षांची पेटी घेऊन आले, नको म्हटलं तरी ठेवली. यावेळी पोरानं गाडीसाठी गल्लीच्या तोंडाशीच जागा धरून ठेवली होती. चारही चाकांवर टोप्या काकांनी स्वतः बसवल्या. पहिली दाबली, टक. माझ्याकडे बघितलं. दुसरी, टक. चौथी त्या डाव्या मागच्या चाकाची. ती बसवल्यावर त्यांनी नखानं कड उचकटून बघितली, निघाली नाही. मग गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काही न बोलता पैसे मोजले.

जुन्या तीन टोप्या त्यांनी माझ्याकडेच ठेवल्या. बिनचिरेची जी एक होती, ती पावसाळ्यात सांगलीहून आलेल्या एका शिक्षिकेच्या गाडीला लागली. तीच मॅग व्हील, तीच हरवलेली टोपी. त्या बाईंनी येतानाच चारही आकडे चिठ्ठीवर लिहून आणले होते, म्हणून पाच मिनिटांत काम झालं. उरलेल्या दोन चिरलेल्या आहेत, त्या मी विकणार नाही, नमुना म्हणून डब्यात ठेवल्यात.

तुम्ही पुढच्या वेळी टायर बदलाल, बॅलन्सिंग कराल, तेव्हा दुकानातून निघायच्या आधी एकदा गाडीभोवती फिरा आणि चारही टोप्या मोजा. प्रत्येक टोपी अंगठ्यानं दाबून बघा. एखादी गेलेलीच असेल, तर उरलेल्यांपैकी एक मागून ढकलून काढा, तिच्यामागचा नंबर आणि चाकाची चार मापं लिहून घ्या, आणि मग बाजारात जा.